ओढ्याकाठचे गोल दगड : पाणचक्की की चुन्याचा घाणा?

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात आमच्या शेताखालची ओढ्याची दरड ढासळली आणि मधोमध भोक असलेले दोन गोल दगड व घडीव दगडांची एक अरुंद नाळ उघडी पडली. तेथे पाणचक्की होती, असे गावातील वडीलधारे सांगतात. जेसीबीने दगड काढून ते देवळासमोर मांडावेत, असे तरुण मंडळींचे म्हणणे आहे. हे योग्य होईल का? अशा जागेचे उत्खनन कसे करतात?
— एक वाचक, वाई तालुका, जि. सातारा

उत्तर : जेसीबी लावू देऊ नका, ही कळकळीची विनंती. दगड चार वर्षांनीही जागेवरच राहील. पण त्याच्याभोवतीचा गाळ एकदा उपसला गेला की त्या जागेचा इतिहास पुन्हा वाचता येणार नाही.

हे दगड कशाचे, हे आधी पाहावे. आपल्याकडे गड, वाडे आणि देवळे यांच्या आसपास मोठा गोल दगड दिसला, तर तो चुन्याच्या घाण्याचा, म्हणजे बांधकामाचा चुना दळण्याच्या घाण्याचा, असण्याचा संभव बराच असतो. घाण्याचे चाक चरात उभे फिरते, म्हणून त्याची कड झिजते; चक्कीची तळी आडवी असते, म्हणून तिची सपाट बाजू झिजते. घरच्या जात्याला टाकी लावल्यावर दिसतात, तशा मध्यापासून कडेकडे गेलेल्या खाचा सपाट बाजूवर हाताला लागल्या, तर वडीलधाऱ्यांच्या म्हणण्याला बळ मिळते. नाळ सापडली आहे, हीही जमेची बाजू आहे, कारण घाणा बैल ओढतात, त्याला पाण्याचा पाट लागत नाही.

पाणचक्कीचे दोन मुख्य प्रकार आहेत. हिमालयातील घराटात पाण्याचे चाक आडवे असते आणि त्याचा दांडा सरळ वरच्या तळीला फिरवतो, त्यामुळे दात्यांची चाके लागत नाहीत. उभ्या चाकाच्या चक्कीत मात्र ती लागतात आणि चाकाच्या खड्ड्याच्या भिंतींवर कधी कधी कमानीसारखे घासल्याचे ओरखडे राहतात. म्हणून उत्खनक दगडांपेक्षा पाणी आणणारा पाट, चाकाचा खड्डा आणि पाणी बाहेर सोडणारी नाळ यांचा माग आधी काढतात. नाळेला आडवा छेद घेऊन गाळाचे थर एकेक करून उतरवले जातात. तळाच्या थरात सापडलेले खापर किंवा नाणे चक्की चालू असतानाचे असू शकते, तर वरच्या मातीतले ती बंद पडल्यानंतरचे.

ओल्या गाळात हवा पोहोचत नसल्याने लाकूड टिकते. इंग्लंडमध्ये टॅमवर्थ येथे १९७१ मध्ये उत्खनन झालेल्या आडव्या चाकाच्या चक्कीचे लाकूड असेच टिकले होते आणि त्यावरूनच ती नवव्या शतकाच्या मध्याची ठरली. फ्रान्समधील बार्बेगाल येथील सोळा चाकांच्या रोमन गिरणीसंकुलाचा दाखला तर मला फार मोलाचा वाटतो. तेथे लाकूड कुजून गेले, पण त्यावर पाण्यातून साचलेल्या चुन्याच्या पुटांचे तुकडे उरले. त्यांच्या बारीक थरांचा अभ्यास करून, त्या गिरण्या दरवर्षी काही महिने बंद राहत असाव्यात, असा निष्कर्ष २०१८ मध्ये मांडण्यात आला. पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या आपल्या ओढ्यांवरची चक्की वर्षातून किती महिने चालत असेल, हा प्रश्न आपल्या नाळेतील गाळालाही विचारण्याजोगा आहे.

पुरातत्त्वीय उत्खननाला शासनाची परवानगी लागते. शिवाय १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. तेव्हा त्यांना आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्या आणि उघडा भाग ओल्या गोणपाटाने झाका. लाकडाचा तुकडा दिसलाच, तर तो उपटू नका. उन्हात तो एका दिवसात तडकतो. दरम्यान वडीलधाऱ्यांना जागेवर नेऊन पाट कोठून येत होता, हे बोट दाखवून सांगायला लावा आणि लिहून ठेवा, कारण पाटाचे वरचे तोंड बहुधा नांगरटीत बुजलेले असते आणि ते ठाऊक असणारी माणसे आता थोडीच उरली असतील.