प्रागमध्ये एकच दिवस असेल तर

सगळं बघायचा हट्ट आधी सोडा. पहाटे उठा आणि उजाडताना चार्ल्स पुलावर पोहोचा. १३५७ साली बांधायला घेतलेला हा पूल दहानंतर तुळशीबागेसारखा गजबजतो. सकाळी मात्र ३० पुतळे, खाली व्लतावा नदी आणि तुम्ही. नेपोमुकच्या संत जॉनच्या पुतळ्याखालची ब्राँझची पाटी बघा, लोकांचे हात लागून लागून ठरावीक जागीच सोन्यासारखी चकाकते.

मग २२ नंबरच्या ट्रामने किल्ल्यावर जा, चढ वाचतो. कागदी तिकीट घेतलंत तर ट्राममधल्या छोट्या यंत्रात घालून शिक्का उमटवा. मी विसरले होते, दंड भरला. किल्ल्यात सेंट व्हिटस कॅथेड्रल निवांत बघा. गोल्डन लेन ही किल्ल्यातली छोटी गल्ली राहिली तरी हळहळू नका.

उतरताना पायीच या. जुन्या शहराच्या चौकातल्या १४१० च्या खगोलीय घड्याळापाशी तासाच्या ठोक्याआधी पाच मिनिटं उभे राहा. सांगाडा घंटा वाजवतो, खिडक्यांतून प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, सरकतात, शेवटी कोंबडा आरवतो. खेळ मिनिटाभरात संपतो, तेव्हा मोबाईलपेक्षा डोळ्यांनी बघा. आणि खिसा सांभाळा.

बूट जुनेच घाला, दगडी फरसबंदी नव्या बुटांना माफ करत नाही.