जिम सुटली की मसल जातात कुठे?

प्रश्न : ताई, दोन वर्षं मी आठवड्यातून चार दिवस न चुकता जिमला जात होतो, गेले दोन महिने कामामुळे पूर्ण बंद. तिसऱ्याच आठवड्यात टी-शर्टच्या बाह्या सैल वाटायला लागल्या आणि परवा तीन मजले चढलो तर चक्क धाप लागली. मित्र म्हणतो आता तुझ्या मसलची चरबी होणार. सगळी मेहनत पाण्यात गेली का?

उत्तर : आधी तुमच्या मित्राला गप्प करूया. स्नायूची पेशी वेगळी आणि चरबीची पेशी वेगळी, एकीची दुसरी कधीच होत नाही. होतं काय, की व्यायाम बंद होतो पण जेवण मात्र तेवढंच राहतं, मग इकडे स्नायू बारीक होतो आणि तिकडे चरबी वाढते, दोन्ही एकाच वेळी चालू असतं म्हणून आरशात बघताना वाटतं की ह्याचंच ते झालं.

आता बाह्या. मेहनत पाण्यात गेली का विचारलंत, तर गंमत म्हणजे सुरुवातीला जातं ते पाणीच. स्नायूत ग्लायकोजेन म्हणून साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण 3 ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. व्यायाम थांबला की हा साठा कमी होतो, त्याबरोबर पाणीही जातं आणि मसल एकदम चपटे दिसायला लागतात. तिसऱ्या आठवड्यात तुम्ही घाबरलात ते बहुतेक ह्यालाच, कारण ताकद साधारण तीन-चार आठवडे बऱ्यापैकी टिकते. त्यानंतर मात्र खरोखर ओहोटी लागते. स्नायूत प्रोटीन रोज थोडं मोडतं आणि रोज नवीन बनतं, वापर नसला की ते नवीन बनणं मंदावतं आणि तंतू बारीक व्हायला लागतात. बारीक होतात म्हणाले हं, नाहीसे नाही. दोन महिन्यांत तुमचं थोडं नुकसान झालंय हे मी नाकारत नाही, पण आरसा सांगतोय तेवढं नाही.

धाप लागण्याचं कारण वेगळंच आहे, आणि माझ्या मते लोक बायसेप्सचं दुःख करत बसतात पण आधी घसरतो तो स्टॅमिना. व्यायाम थांबल्यावर काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, कमी होतो, त्यामुळे हृदय एका ठोक्याला आधीपेक्षा कमी रक्त ढकलतं आणि त्याच जिन्यासाठी जास्त ठोके द्यावे लागतात. 1984 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता, त्यात चांगल्या तयारीच्या धावपटू-सायकलपटूंना ट्रेनिंग पूर्ण बंद करायला लावलं होतं. शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता 21 दिवसांत 7 टक्के आणि 56 दिवसांत 16 टक्के खाली आली. पण इतक्या वर्षांच्या ट्रेनिंगने स्नायूत वाढलेल्या बारीक रक्तवाहिन्या जवळजवळ तीन महिन्यांनीही जशाच्या तशा होत्या! म्हणजे सगळं एकाच वेगाने जात नाही.

आणि परत येणं जाण्यापेक्षा सोपं असतं. 1991 च्या एका अभ्यासात बायकांनी 20 आठवडे वेट ट्रेनिंग केलं, मग सात महिन्यांच्या आसपास सोडून दिलं, आणि पुन्हा सुरू केल्यावर 6 आठवड्यांत बरंचसं गमावलेलं भरून निघालं. ह्यामागे काय असावं, तर व्यायामाने स्नायूच्या तंतूत नवीन केंद्रकं, म्हणजे प्रोटीन बनवण्याचा कारभार बघणारे पेशीतले भाग, जमा होतात आणि तंतू बारीक झाला तरी ती टिकून राहतात, असं ऑस्लोच्या संशोधकांना 2010 मध्ये उंदरांत दिसलं होतं. माणसातही नेमकं तसंच होतं का ह्यावर अजून वाद चालू आहे. पण जिम सोडून परत आलेल्या कोणालाही विचारा, दुसऱ्यांदा लवकर जमतं.

फक्त पहिल्याच दिवशी जुनं वजन उचलायला जाऊ नका प्लीज. निम्म्याने सुरू करा, सेटही कमी, दोन-तीन आठवडे हळूहळू वाढवा. स्नायू पटकन सावरतो पण टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, मागे राहतात आणि दुखणं तिथेच सुरू होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग ठणकेल, ते चालायचंच, पण भयंकर दुखून लघवी गडद तपकिरी झाली तर घरी बसू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि पुन्हा कामाचा डोंगर आला तर पूर्ण बंद करू नका हो. एका अभ्यासात तरुण मंडळींनी मूळ व्यायामाचा फक्त नववा हिस्सा, तोही आठवड्यातून एकदाच, चालू ठेवला तरी 32 आठवडे स्नायू टिकले होते. अट एकच, सेट कमी करायचे, वजन नाही.

प्रश्न : माझी आई 68 वर्षांची. आजारपणात दहा दिवस अंथरुणावर होती, आता आजार बरा झालाय पण खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो. दहाच दिवसांत एवढा फरक पडतो?

उत्तर : पडतो. जिम सोडणं आणि अंथरुणाला खिळणं ह्यात खूप अंतर आहे, कारण जिम सोडलेला माणूस निदान चालतो, जिने चढतो. निरोगी वयस्क लोकांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं तेव्हा त्यांच्या पायांचे स्नायू जवळपास 1 किलोने कमी झाले होते, आणि आईंना तर वर आजारपणही होतं. मांड्या, पोटऱ्या, पाठ हे दिवसभर शरीराचा भार पेलणारे स्नायू, त्यांनाच पडून राहण्याचा फटका आधी बसतो. वरून ह्या वयात भरून यायलाही वेळ लागतो, म्हणून "आता आराम कर" हे प्रेमाने म्हटलं तरी ते आईंच्या विरोधातच जातं. डॉक्टरांना विचारून घ्या आणि त्यांची हरकत नसेल तर खुर्चीतून उठणं-बसणं हाच व्यायाम करा, सुरुवातीला उंच खुर्ची, हाताचा आधार चालेल, पाच वेळा, दिवसातून तीनदा. आधार सुटला की खुर्ची थोडी बुटकी घ्या. जेवणात प्रोटीन तिन्ही वेळेला हवं, एकदम रात्री नाही, आणि किडनीचा त्रास असेल तर किती ते डॉक्टरच सांगतील.

प्रश्न : ताई, डाव्या हाताला सहा आठवडे प्लास्टर आहे. उजव्याचा व्यायाम केला तर दोन हात विचित्र दिसतील ना? म्हणून तोही बंद केलाय.

उत्तर : अरे, उलटं केलंस! एका हाताचा व्यायाम केला की दुसऱ्या, बांधलेल्या हाताची ताकदही कमी घटते, कारण ताकदीचा मोठा भाग मेंदू आणि नसांच्या हुकुमावर चालतो आणि तो हुकूम थोडा पलीकडच्या बाजूलाही पोचतो. तेव्हा तुझ्या हाडाच्या डॉक्टरांना विचार आणि उजवा हात उद्यापासून चालू कर. प्लास्टर निघाल्यावर डावा बारीक दिसणारच, त्याने दचकू नकोस.