आजीचे खळे

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

रत्नागिरीहून परतताना तू विचारले होतेस, "आजीच्या घरात फरशी आहे, मग अंगणाला ती शेण का लावते? तिथेही फरशी का बसवत नाही?" विचारताना नाक मुरडले होतेस, तेही माझ्या लक्षात आहे. विमानात मला धड सांगता आले नाही, म्हणून लिहितो आहे.

आपल्या गावाकडे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत कोसळतो. तेवढ्यात अंगणाची माती धुपते, शेवाळ धरते, गवत माजते. त्यामुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास अंगण मुळापासून पुन्हा करावे लागते, आणि त्याला आम्ही खळे करणे म्हणतो. जमीन खणून ढेकळे फोडायची, तांबडी माती पसरून पाणी शिंपायचे आणि ती जराशी आळली की लाकडी चोपण्याने दिवसभर चोपत राहायचे. पूर्वी याच खळ्यात भात झोडत, म्हणून जमिनीला भेग पडलेली चालत नसे. शेण येते ते इथे: त्यातले गवताचे बारीक तंतू मातीला धरून ठेवतात, भेगा कमी पडतात आणि धूळ बसते. तुला आलेला वास ओल्या सारवणाचा होता. वाळल्यावर तो राहत नाही.

सारवणावर उमटलेल्या कमानी तू पाहिल्यास का? सारवणारीचा हात जेवढा पोचतो तेवढीच प्रत्येक कमान असते. आजीच्या कमानी लहान आणि दाट, काकूच्या लांब आणि विरळ. लहानपणी शाळेतून आल्यावर आज कोणी सारवले हे मी फाटकातूनच ओळखत असे.

घरातली फरशी मात्र आजीनेच हट्टाने बसवून घेतली. माजघर, स्वयंपाकघर, पडवी वाकून सारवण्यात बायकांच्या कंबरा मोडत, आणि तो त्रास ज्यांनी कधी काढला नाही त्यांनी जुन्या जमिनींसाठी गहिवरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अंगणाचे तसे नाही. शेजारच्यांनी सिमेंटचा कोबा केला, तर मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही आणि पावसाळ्यात शेवाळाने घसरायला होते. खळ्यावर तू रात्री मांडवाखाली उघड्यावरच झोपली होतीस, ते आठव.

भिंतींचे दगड तू खरवडून पाहिलेस, तो जांभा. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की त्याचे चिरे हत्याराने कापता येतात, आणि हवा लागली की तो कठीण होत जातो. वरची मंगलोरी कौले तर तुझ्या ओळखीची निघतील: आपण राहतो त्या स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरातल्या ख्रिस्ती मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथून ती कौले किनाऱ्याने वर कोकणापर्यंत आली. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग गळतात तेव्हा तुमच्याकडे तक्रार करायची का?"

ऑक्टोबरच्या सुट्टीत गेलो तर खळे करतानाच पोचू. आजी तुला तुळशीजवळचा कोपरा सारवायला देणार आहे, असे तिने परवा फोनवर सांगितले. नखे आधी कापून घे.

तुझा,
बाबा