पुनर्जन्म, पुनरुज्जीवन की पुनरुत्थान?

प्रश्न : ईस्टरच्या शुभेच्छापत्रात 'आजच्या दिवशी येशूचा पुनर्जन्म झाला' असे लिहिले होते. एका ख्रिस्ती स्नेह्यांनी 'पुनर्जन्म' खोडून 'पुनरुत्थान' केले. दोन्हींचा अर्थ 'पुन्हा जिवंत होणे' हाच ना? की हा फक्त त्यांच्या धर्मातला रूढ शब्द आहे? आणि ज्याचा यावर विश्वास नाही त्याने कोणता शब्द वापरायचा?

उत्तर : खोडले ते योग्यच केले. पुनर्जन्मात जीव तोच आणि देह नवा. आई नवी, नाव नवे, बाळपण पुन्हा पहिल्यापासून. जुना देह मागे पडलेला असतो. येशूविषयीचा दावा याच्या नेमका उलटा आहे : देह तोच, हातांवर खिळ्यांचे व्रण, आणि कबर रिकामी. पुनर्जन्माला रिकाम्या कबरेची गरजच नाही. इथे सगळे भांडण त्या कबरेवरूनच आहे.

चूक होते कशी तेही उघड आहे. रोजच्या मराठीत 'पुनर्जन्म' लाक्षणिक अर्थाने सर्रास येतो. भीषण अपघातातून कोणी बचावला की 'त्याचा पुनर्जन्मच झाला म्हणायचा' असे आपण म्हणतो. म्हणजे तो मेला नव्हता, मरता मरता वाचला. तुमचे वाक्य या अर्थाने वाचले तर 'येशू क्रुसावर मेलाच नाही, थोडक्यात वाचला' असे होते. असे मत मांडणारे लोक आहेत, पण ते ईस्टरची शुभेच्छापत्रे पाठवत नाहीत.

'पुनरुज्जीवन' जवळचा वाटतो, पण तोही इथे बसत नाही. शुक्राचार्यांनी संजीवनी विद्येने कचाला उठवले, सावित्रीने सत्यवानाला परत आणले, ही पुनरुज्जीवने. देह तोच, आयुष्यही तेच, फक्त पुढे चालू झाले. बायबलातही अशा कथा आहेत : चार दिवस कबरेत असलेला लाजर (योहान ११), याईराची बारा वर्षांची मुलगी (मार्क ५), नाईन गावच्या विधवेचा मुलगा (लूक ७). ही सगळी माणसे उठली आणि पुढे कधीतरी पुन्हा मेली असेच मानले जाते. येशूबद्दल मात्र ख्रिस्ती धर्माचा आरंभीचा प्रचारक पौल बायबलातल्या रोमकरांस पत्रात (६:९) स्पष्ट लिहितो की तो पुन्हा मरत नाही. तेव्हा शब्द निवडण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. देह कोणता? आणि पुढे मरण आहे का? देह नवा आणि मरण आहे, तर पुनर्जन्म. देह तोच आणि मरण आहे, तर पुनरुज्जीवन. देह तोच पण पालटलेला, आणि मरण नाही, तर पुनरुत्थान.

'पालटलेला' हा शब्द मुद्दाम घातला आहे. उठलेला येशू भाजलेला मासा खातो (लूक २४), पण दारे बंद असताना खोलीत येऊनही उभा राहतो (योहान २०), आणि अम्माऊसच्या वाटेवर बरोबर चालणाऱ्या दोघांना ओळखू येत नाही. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल यासाठी दाण्याचा दाखला देतो : पेरतो तो नुसता दाणा, उगवते ते निराळेच. पण उगवते त्याच दाण्यातून.

आता शब्दाची घडण. पुनर् + उत्थान = पुनरुत्थान. 'उत्थान' मध्ये उद् + स्थान आहे. 'उद्'नंतर 'स्था'चा स् गळतो आणि उत्थान होते. उ ऱ्हस्व, म्हणून 'रु' ऱ्हस्व. 'पुनरूत्थान' ही चूक सगळ्यात जास्त दिसते, कारण घाईत रु आणि रू यांतला फरक डोळ्यांना जाणवत नाही. 'पुनर्उत्थान' आणि 'पुनुरुत्थान' हीसुद्धा चूकच. शब्द नपुंसकलिंगी : येशूचे पुनरुत्थान. विशेषण 'पुनरुत्थित'. 'येशूने पुनरुत्थान केले' असे लिहू नये. 'पुनरुत्थान झाले' किंवा सरळ 'उठला' लिहावे.

मूळ ग्रीक शब्द आहे 'अनास्तासिस'. 'अना' म्हणजे वर किंवा पुन्हा, 'स्तासिस' म्हणजे उभे राहणे. हा 'स्ता' आणि आपला 'स्था' एकाच मूळ धातूचे. म्हणजे 'उत्थान' निवडणाऱ्याने अर्थ तर नेमका आणलाच, वर धातूही घरातलाच मिळाला. असे भाषांतरकाराच्या नशिबी क्वचित येते.

ग्रीक लोकांना हा शब्द रोजचाच होता. आडवा असलेला माणूस उभा राहिला की अनास्तासिस. लोकांना राहत्या जागेवरून हुसकावले तरी अनास्तासिस. आपण 'वस्ती उठवली' म्हणतो तसेच. मेलेल्या माणसासाठी मात्र तो बहुधा नकारानेच यायचा. इसवी सनापूर्वी ४५८ मध्ये अथेन्समध्ये झालेल्या एस्किलसच्या 'युमेनिडीस' या नाटकात अपोलो देव म्हणतो की माणूस एकदा मेला आणि धुळीने त्याचे रक्त पिऊन टाकले की अनास्तासिस नाही. नाटकातला तो प्रसंग अरेओपागस या न्यायसभेच्या स्थापनेचा आहे.

आणि सुमारे पाच शतकांनी पौल उभा राहिला तोही अरेओपागससमोरच (प्रेषितांची कृत्ये १७). त्याआधी बाजारात तो 'येशू आणि अनास्तासिस' याबद्दल बोलत होता, तेव्हा ऐकणाऱ्यांना वाटले की हा परक्या दैवतांचा प्रचार करतो आहे. अनास्तासिस हे ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी नाम. लोकांनी ते देवीचे नाव समजले असावे, येशू आणि त्याची जोडीदारीण, असा अर्थ जुन्या टीकाकारांपासून लावला जातो. पुनरुत्थानावरची पहिली शब्दचर्चा म्हणायला हरकत नाही. सभेत त्याने मेलेल्यांचे उठणे काढताच तीन प्रतिक्रिया उमटल्या. काहींनी टिंगल केली. काही म्हणाले, याविषयी तुझे पुन्हा कधीतरी ऐकू. आपल्याकडचे 'बघू पुढे'. आणि मोजक्या जणांनी विश्वास ठेवला. त्यांत दियोनुस्य आणि दामारी ही नावे दिली आहेत. त्यानंतर याच तीन प्रतिक्रिया वेगवेगळ्या शब्दांत येत राहिल्या आहेत.

टिंगलीमागे विचार होता. आत्मा देहाच्या कैदेतून सुटला की मुक्त, असे मानणाऱ्याला पुन्हा त्याच देहात परतणे ही शिक्षाच वाटणार. दुसऱ्या शतकातल्या सेल्सस या टीकाकाराने ही आशा किड्यांना शोभेल अशी आहे, असे म्हटले होते. गीता वाचलेल्या मराठी माणसालाही नेमके इथेच अडखळायला होते : देह हे जीर्ण वस्त्र, ते टाकून नवे घ्यायचे (२:२२). मग टाकलेले परत कशाला घालायचे? गंमत म्हणजे पौलही वस्त्राचाच दाखला देतो, पण उलटा फिरवून. दुसऱ्या करिंथकरांस पत्रात (५:४) तो म्हणतो की आम्हाला वस्त्र उतरवायचे नाही, त्यावरून आणखी एक चढवायचे आहे. दोन्हीकडे उपमा वस्त्राचीच, पण एकीकडे ते बदलायचे आणि दुसरीकडे त्यावर दुसरे घालायचे. 'पुनर्जन्म' लिहिले की हा फरकच पुसला जातो.

मराठी बायबलात 'पुनरुत्थान' हे नाम आहे, पण क्रियापद बहुतेक ठिकाणी साधे 'उठणे'. मला ते फार आवडते, मात्र ते जपून वापरावे लागते, कारण मराठीत 'उठणे' भलतीकडे जायला टपलेलेच असते. 'आयुष्यातून उठला' म्हणजे बरबाद झाला. 'जिवावर उठला' म्हणजे मारायला निघाला. 'बाजार उठला', 'पंगत उठली' म्हणजे संपली. म्हणून 'मेलेल्यांतून उठला' मधले 'मेलेल्यांतून' सहसा गाळू नये, आणि त्यावरचा अनुस्वारही गाळू नये. तो अनेकवचनाचा आहे : 'मेलेल्या माणसांच्या मधून'. अनुस्वार गेला की वाचणारा 'मेलेल्यातून काय?' म्हणून थबकतो.

झोपेतून उठणे आणि मेलेल्यांतून उठणे यांना एकच क्रियापद ही मराठीची अडचण नाही; ग्रीकमधले दुसरे क्रियापद 'एगेइरो' हेही दोन्हीकडे चालते, जागे करणे आणि उठवणे. मरण म्हणजे निजणे, ही उपमा बायबलाच्या नव्या करारात सगळीकडे आहे. मराठीत त्यासाठी 'महानिद्रा' आला.

पण एक गोष्ट 'उठला' मध्ये हरवते. पहिल्या करिंथकरांस पत्राच्या त्याच पंधराव्या अध्यायातले (१५:४) 'उठला'चे ग्रीक रूप कर्मणी आहे आणि पूर्णकाळाचे आहे : 'उठवला गेलेला आहे'. उठवणारा देव, आणि उठवण्याचा परिणाम आजही चालू. 'ख्रिस्त उठला' म्हटले की उठवणारा दिसत नाही. निदान शेवटचा 'आहे' तरी ठेवावा. 'ख्रिस्त उठला आहे', 'खरोखर उठला आहे' या ईस्टरच्या अभिवादनात तो 'आहे' भरतीचा नाही.

इथेच अरबीचा एक धागा. याईराच्या मुलीला येशू म्हणतो 'तलीथा कूम', मुली, ऊठ. हा अरामी 'कूम' आणि अरबी 'कयामत' एकाच धातूचे. कयामत म्हणजे मुळात उभे राहणे, शेवटच्या दिवशी मेलेल्यांचे उभे राहणे. मराठीत आपण तिचा प्रलय करून टाकला. यरुशलेममधल्या ज्या चर्चमध्ये ख्रिस्ताची कबर दाखवतात, त्याच्या अरबी नावात हाच 'कियामा' आहे आणि ग्रीक नावात 'अनास्तासिस'. आपले 'कायम' आणि 'मुक्काम' हे शब्दही याच धातूचे.

आता विश्वास नसलेल्याने काय लिहावे? शब्द 'पुनरुत्थान' हाच. नाकारायचे तर जे सांगितले आहे तेच नाकारावे. 'पुनर्जन्म मला पटत नाही' म्हटल्याने ख्रिस्ती माणसाच्या दाव्याला धक्काही लागत नाही, कारण तोही तुमच्याइतकाच ठामपणे म्हणेल की त्यालाही पटत नाही. अंतर दाखवायचे तर ते वाक्याच्या चौकटीत दाखवावे : 'ख्रिस्ती श्रद्धेनुसार', 'शुभवर्तमानांत सांगितले आहे की'. मराठीत 'म्हणे' हा एक छोटा पण जहाल पर्याय आहे. 'येशू उठला, म्हणे.' ऐकीव आहे आणि मला खरे वाटत नाही, हे दोन्ही त्या एका शब्दात येते. वाद घालताना खुशाल वापरा, माहितीपर लेखात नको. तसा हा सूर खुद्द शिष्यांचाच होता : स्त्रियांनी कबर रिकामी असल्याचे सांगितले तेव्हा शिष्यांना ती हकिगत 'लेरोस' वाटली, म्हणजे बाष्कळ बडबड (लूक २४:११).

दुसरे स्पष्टीकरण द्यायचे असेल तर प्रत्येकाचे क्रियापद वेगळे आहे. शिष्यांनी देह चोरला, हे मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातच नोंदलेले जुने उत्तर. त्याला 'नाहीसा केला' म्हणा. तो बेशुद्ध होता, असे म्हणायचे तर 'शुद्धीवर आला'. शिष्यांना भास झाला, असे मत असेल तर 'दिसला' हे क्रियापद दोन्ही बाजूंना चालते. 'केफाला (म्हणजे पेत्र या शिष्याला) दिसला' या ग्रीक वाक्यात पाहणारा चतुर्थीत आहे, मराठीतही तसाच, आणि खरोखर दिसला की मनात दिसला हे व्याकरण सांगत नाही. 'दर्शन दिले' लिहिले की लेखक विश्वासणाऱ्यांच्या बाजूला गेला. डेव्हिड स्ट्राउस या जर्मन अभ्यासकाने १८३५ मध्ये येशूचरित्रावर लिहिताना 'मिथक' हा मार्ग घेतला. त्याचे मराठी 'भाकडकथा' असे करू नये. मिथक म्हणजे समाजाने अर्थासाठी घडवलेली कथा, भाकडकथा म्हणजे थाप.

मुस्लिम भूमिका यातल्या कशातच बसत नाही. कुराणात (४:१५७-१५८) येशूला मारले नाही, क्रुसावर चढवले नाही, तर अल्लाने आपल्याकडे उचलून घेतले असे आहे. म्हणजे पुनरुत्थान ही कल्पना मान्य, कयामतीच्या दिवशी सगळ्यांचे. नाकारला जातो तो येशूचा मृत्यू. येशूच्या काळच्या यहुद्यांत सदूकी पंथ पुनरुत्थानच मानत नव्हता. परूशी मानत, पण शेवटी आणि सर्वांचे; मध्येच एकट्याचे होईल ही अपेक्षा नव्हती. म्हणून पौल ख्रिस्ताला 'प्रथमफळ' म्हणतो, पुढच्या पिकाचा पहिला तोडा.

जाता जाता दोन बारीक गोष्टी. 'तीन दिवसांनी' आणि 'तिसऱ्या दिवशी' यांत 'तिसऱ्या दिवशी' घ्यावे. शुक्रवार धरून मोजले की रविवार तिसरा. पूर्ण तीन दिवस भरत नाहीत. असे मोजणे मराठीला नवे नाही. आपण सोमवारी 'आठ दिवसांनी भेटू' म्हणतो आणि पुढच्या सोमवारीच भेटतो. योहान २०:२६ मध्ये थोमा या शिष्याला येशू दिसतो तेही 'आठ दिवसांनी', म्हणजे पुढच्या रविवारी. आणि 'स्वर्गारोहण' ही पुनरुत्थानानंतर चाळीस दिवसांची वेगळी घटना. ईस्टरच्या मजकुरात 'आज येशू स्वर्गात गेला' हेही अनेकदा वाचायला मिळते.

तुमच्या शुभेच्छापत्रासाठी : 'आजच्या दिवशी येशू ख्रिस्त मेलेल्यांतून उठला' किंवा 'प्रभूच्या पुनरुत्थानाच्या दिवसाच्या शुभेच्छा'. स्वतःची श्रद्धा नसताना 'प्रभू' लिहिणे जड जात असेल, तर नुसते 'ईस्टरच्या शुभेच्छा' पुरे; ते कोणी खोडणार नाही.