डान्स थेरपिस्ट व्हायचंय? मग बाबांचं अर्धं ऐक

प्रश्न : मी मिरजेत बी.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कथक विशारद पूर्ण झालंय. बाईंच्या क्लासला ऑटिझम असलेला एक लहान मुलगा येतो. बोलत नाही, पण तत्कार, म्हणजे कथकमधलं तालावरचं पायांचं काम, सुरू झालं की बरोबर लयीत पाय टाकतो. त्याला बघून मला मुलांसाठी डान्स थेरपिस्ट व्हावंसं वाटतं. बाबा म्हणतात, बी.एड. कर, नाच हौसेपुरता ठेव. काय करू?

उत्तर : बी.एड. कर, पण स्पेशल एज्युकेशनमधलं. हा अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या मान्यतेचा असतो आणि पास झाल्यावर तिथे नोंदणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सर्वसमावेशक शिक्षण, म्हणजे दिव्यांग मुलांना इतरांबरोबरच शिकवणं, ही शाळांची जबाबदारी केली. पुढे केंद्राने प्रमाणही ठरवलं : प्राथमिकला अशा १० मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे १५ मागे एक. सगळ्या जागा भरल्यात असं मुळीच नाही. तरी नोकरी मागायला कायद्याचा आधार आहे, नुसत्या नर्तिकेला तो नाही.

आता त्या मुलाकडे येऊ. ‘ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्’ या आठ मात्रा पुन्हा पुन्हा तशाच येतात. पुढे काय येणार ते आधीच कळतं, आणि ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना त्याचा मोठा दिलासा वाटतो. शिवाय तिथे बोलून उत्तर द्यावं लागत नाही, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. पण वीस जणींचे घुंगरू एकदम वाजले तर तोच मुलगा कान झाकून कोपऱ्यात जाऊन बसू शकतो. मग त्याला बाहेर न्यायचं, की त्या दिवशी सगळ्यांनीच घुंगरू उतरवायचे? विशारदच्या अभ्यासक्रमात हा प्रश्न येत नाही. तुझं काम मात्र याच प्रश्नापासून सुरू होणार आहे.

शाळांमधला ‘समावेश’ तू पाहिला असशील. स्नेहसंमेलनात अशा मुलाला मागच्या रांगेत झाड करून उभं करतात, फोटो छान येतो. त्याऐवजी लेझीममध्ये ज्याचे पाय चुकतात त्याच्या हातात शिट्टी दे. हलगीच्या तालावर तो शिट्टी वाजवेल तेव्हाच रांगेने प्रकार बदलायचा. दोन-चार तालमींत बाकीची पोरं त्याच्याकडे बघायला शिकतात, आणि चिडवणारेही त्याच्या इशाऱ्याची वाट बघत उभे राहतात.

हे झालं चांगलं शिक्षण. थेरपी वेगळी. तिथे मुलाचं मूल्यमापन, ठरवलेली उद्दिष्टं, प्रत्येक सत्राची नोंद आणि वर देखरेख करणारं अनुभवी माणूस लागतं. मूल हात झटकतं तर आपणही तसेच झटकायचे, त्याच्या हालचालीला हालचालीनेच उत्तर द्यायचं, हे तंत्र दिसतं सोपं. पण कधी थांबायचं हे कळायला प्रशिक्षणच हवं. मुंबईच्या टिसने, म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेने, कोलकाता संवेद या संस्थेबरोबर याचा अभ्यासक्रम चालवला आहे. संवेदच्या संस्थापक सोहिनी चक्रवर्ती मूळच्या नर्तिका आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थिनी. तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर त्यांनी नृत्यातून काम उभं केलं. प्रवेशाची सद्यस्थिती टिसकडेच विचार. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या अनुसूचीत डान्स-मूव्हमेंट थेरपिस्टचा उल्लेख आहे. म्हणजे उद्या या नावाला नियम लागू होतील, म्हणून वीकेंड वर्कशॉपच्या सर्टिफिकेटवर ते नाव लावू नकोस. ‘नाचाने ऑटिझम बरा करतो’ म्हणणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहा. तो बरा करायचा आजार नाही, आणि आईबापांच्या आशेवर पैसे कमावणारे आपल्याकडे कमी नाहीत.

पैशांचं म्हणशील तर सुरुवातीची काही वर्षं शाळेचा पगार आणि संध्याकाळची सत्रं, असंच धरून चाल.

यंदाच्या सुट्टीत सांगली-मिरजेतल्या एखाद्या विशेष शाळेत सकाळी जाऊन बस. नाच शिकवायला नको, शिक्षिकांच्या हाताखाली काम कर : डबा भरवणं, शूला नेणं, रडणाऱ्याजवळ बसणं. महिन्याभराने हेच काम करावंसं वाटलं तर पदवी झाल्यावर बी.एड.चा फॉर्म भर. आणि बाबांना हे पत्र दाखवशील तेव्हा बी.एड.चा परिच्छेद आधी वाचायला दे, टिसचा नंतर.