देहबोलीवरून उमेदवार खोटं बोलतोय हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की मुलाखतीत उमेदवार हाताची घडी घालून बसला, नजर मिळवत नसला, उत्तर देताना मानेला किंवा नाकाला हात लावत असला, तर तो खोटं बोलतोय असं धरावं का. धरू नये. माणसं नुसतं बघून-ऐकून खोटं किती पकडतात हे मोजून झालेलं आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाओलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली २४ हजारांहून जास्त लोकांनी केलेल्या अंदाजांचा एकत्र हिशेब मांडला. बरोबर अंदाज निघाले सरासरी ५४ टक्के. नाणं उडवलं तरी ५० येतात. त्यात पोलिसांसारखे मुरलेले लोकही इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत. अमेरिकेने २००७ पासून विमानतळांवर प्रवाशांचं वागणं न्याहाळून संशयित हेरायला खास माणसं नेमली आणि त्यावर सुमारे ९० कोटी डॉलर घातले. २०१३ मध्ये तिथल्याच सरकारी लेखापरीक्षकांनी सांगितलं की या पद्धतीला पुरेसा आधार नाही, पुढचा पैसा आवरा. तेव्हा तुमच्या एचआरने दोन दिवसांच्या शिबिरात ही विद्या मिळवली असेल, तर ती बाजूला ठेवा.

घडीचं आधी घ्या. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ऐकलेलं आहे. मोठ्यांसमोर नीट बसायचं म्हणजे असं, हे पहिलीपासून अंगात मुरतं. त्याच पोराला घरी ‘वर तोंड करून बोलू नकोस’ म्हणून दम मिळालेला असतो. तो पंचविसाव्या वर्षी तीन साहेबांपुढे घडी घालून, नजर टेबलावर ठेवून बसला तर तो तुम्हाला मान देतोय. त्यावर ‘डिफेन्सिव्ह’ असा शेरा मारणाऱ्याला पुस्तकातलं चित्र पाठ असतं, समोर बसलेला माणूस दिसत नाही.

चाकणच्या बाजूच्या एका कारखान्यात मेंटेनन्सच्या जागेसाठी झालेली एक मुलाखत सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नातलं सगळंच तिच्यात आहे. उमेदवार लातूरकडचा, डिप्लोमा झालेला, हायड्रॉलिक प्रेसवर काम केलेला. पॅनेलच्या प्रमुखांचा शेरा असा: ‘नजर मिळवत नाही, हात बांधून बसतो, नोकरी सोडल्याचं कारण लपवतो.’

आता खोली बघा. पॅनेलच्या खुर्च्यांना हात होते, उमेदवाराच्या खुर्चीला नव्हते. वर टेबल त्याच्यापासून चांगलं लांब. बिनहाताच्या खुर्चीत थोड्या वेळाने हात ठेवायला जागा उरत नाही. एक तर ते मांडीवर जातात, नाहीतर घडी होते. एसीचा झोत नेमका त्याच खुर्चीवर आणि तो उन्हातून, घामेजलेल्या शर्टाने आत आलेला. पॅनेलच्या पाठीशी पश्चिमेची खिडकी, वेळ दुपारी चारची. म्हणजे त्याला समोर उजेड आणि उजेडात तीन काळ्या आकृत्या दिसणार. डोळे मिचकावणं आणि खाली बघणं याशिवाय तो काय करणार? शेऱ्यातले पहिले दोन मुद्दे त्या खोलीनेच तयार केले होते. खुर्ची बदलली असती, पडदा ओढला असता, तर ते तिथेच संपले असते.

तिसरा मुद्दा खरा महत्त्वाचा. ‘आधीची नोकरी का सोडली?’ या प्रश्नावर त्याचा हात मानेमागे गेला, दोन-तीन सेकंद तो गप्प राहिला आणि आवाज उतरवून ‘घरगुती अडचण होती’ म्हणाला. तोवर प्रेसच्या सीलबद्दल तो भरभर बोलत होता. प्रमुखांनी हा बदल टिपला, ते बरोबरच केलं. पुढची पायरी चुकली. बदल दिसला आणि त्याचं कारण त्यांनी स्वतःच्या मनाने भरून टाकलं. प्रॉडक्शनच्या बाईंनी मात्र दहा मिनिटांनी वेगळ्या वाटेने विचारलं, ‘शेवटच्या काही महिन्यांत शिफ्ट कशी असायची? पगार कितव्या तारखेला व्हायचा?’ तेव्हा बाहेर आलं की पगार तीन महिने थकला होता. जुन्या मालकाची परक्यांसमोर बदनामी नको आणि अनुभवाचं पत्रही त्यांच्याकडूनच यायचं होतं, म्हणून तो चाचरला. ज्याला लपवाछपवी म्हटलं गेलं, ती त्या मुलाची जीभ सांभाळण्याची सवय होती. कारखान्याच्या माणसात ती असलेली कुणालाही चालेल.

काहीतरी टोचलं एवढंच अंग सांगतं. काय टोचलं ते विचारावं लागतं, आणि नीट विचारावं लागतं.

विचारायचं कसं? पहिली पाच मिनिटं बिनधोक प्रश्नांना द्या: कुठून आलात, गाडी मिळाली का, सध्या कुठे राहता. हा वेळ वाया जात नाही. या वेळात माणसाची नेहमीची चाल टिपायची: हात कुठे असतात, बोलण्याचा वेग किती, उत्तराआधी किती थांबतो, नजर कुठे ठेवतो. यांत उत्तराआधीचा थांबा टिपणं सगळ्यात उपयोगी. साध्या संभाषणात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, म्हणून दोन सेकंदांची शांतता कानाला लगेच जाणवते. पण जो मुळातच थांबून बोलतो त्याच्या थांब्याला अर्थ नाही. तुलना त्याची त्याच्याशीच करायची, शेजारच्या उमेदवाराशी नाही.

एकटी खूण सोडून द्या. नाक खाजलं तर नाक खाजलं. एकाच प्रश्नावर दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर कागदाच्या कडेला प्रश्नाचा क्रमांक लिहा आणि पुढे चला. दहा-पंधरा मिनिटांनी त्याच विषयाकडे दुसऱ्या बाजूने या. पुन्हा तोच बदल दिसला तर तिथे खोदायचं. ‘खरं सांगा’ म्हणू नका, त्याने खरा माणूसही कावराबावरा होतो. तपशील मागा: प्रेस बंद पडला तेव्हा पहिला फोन कुणाला केला, सुटा भाग कुठून आणला, किती वेळ गेला. हवं तर तो दिवस शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावा. ज्याने काम केलंय तो अडखळतो, पण सांगतो. ज्याने ऐकीव सांगितलंय त्याचे तपशील आटतात. खोटं सापडलंच तर ते असं शब्दांत सापडतं.

नजर फिरवण्याचं एक साधं कारण विचार करणं हे असतं. कुणालाही सतरा गुणिले तेवीस तोंडी विचारा, तो छताकडे नाहीतर जमिनीकडे बघेल, कारण समोरच्याचा चेहरा वाचत वाचत हिशेब करणं मेंदूला जड जातं. अवघड प्रश्नावर टक लावून उत्तर देणारा पाठ करून आलेला असू शकतो. व्हिडिओ कॉलवर तर नजरेचे गुण देऊच नका. कॅमेरा स्क्रीनच्या वर असतो, त्यामुळे जो खरंच तुमच्या चेहऱ्याकडे बघतोय तो तुम्हाला खाली बघताना दिसतो.

आणि ते ‘संवादात ५५ टक्के देहबोली, ३८ टक्के आवाज, ७ टक्के शब्द’. प्रत्येक शिबिरात ही स्लाइड असते आणि ती बंद झाली पाहिजे. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन प्रयोगांतून जोडले गेले. त्यांत सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते, एका प्रयोगात तर एकच शब्द आणि सोबत चेहऱ्याचे फोटो. बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही, एवढाच अंदाज बांधायचा होता. आकडे भावना आणि आवडनिवडीपुरतेच आहेत हे खुद्द मेहराबियन यांनी सांगितलेलं आहे. मुलाखतीत उमेदवार जे सांगतो ते सात टक्के मानून तुम्ही काय निवडणार?

एवढं बोलल्यावर हेही सांगायला हवं की देहबोली निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. समोरचा कंटाळलाय, घाबरलाय, त्याला प्रश्न कळला नाही, हे अंगावरून बऱ्यापैकी कळतं आणि त्याप्रमाणे वेग कमी करता येतो. फक्त मान डोलावण्याला होकार समजू नका, आपल्याकडे ‘ऐकतोय’ म्हणूनही मान हलते. पगाराचा आकडा आणि रुजू व्हायची तारीख त्याच्याच तोंडून वदवून घ्या.

तुमच्या गुणपत्रिकेत ‘आय कॉन्टॅक्ट’ आणि ‘बॉडी लँग्वेज’ असे रकाने असतील तर ते काढून टाका. एका कानाने कमी ऐकू येणारा मान वळवून बसतो, ऑटिझम असलेल्या अनेकांना नजर मिळवणं त्रासाचं होतं, आणि असे उमेदवार त्या रकान्यांत फुकट गुण गमावतात. त्या जागी ‘तपशील दिला का’ आणि ‘पुन्हा विचारल्यावर जुळला का’ हे दोन रकाने घाला. मुलाखतीआधी पाच मिनिटं स्वतः उमेदवाराच्या खुर्चीत बसा, खिडकी, एसी आणि हात ठेवायची जागा तिथूनच तपासा.