जहाजाचे चिनी नाणे : नमुना की चलन?

प्रश्न : एका नाणे प्रदर्शनात विक्रेत्याने मला चांदीचे चिनी नाणे दाखवले. एका बाजूस चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत-सेन यांचा चेहरा, दुसऱ्या बाजूस दोन डोलकाठ्यांचे शिडाचे जहाज. हे ‘पॅटर्न’, म्हणजे मंजुरीसाठी पाडलेले नमुना नाणे आहे, असे सांगून त्याने भारी किंमत मागितली. नाणे अगदी ठसठशीत असून वजन २४.१ ग्रॅम भरले. घ्यावे काय?
— एक वाचक, पुणे

उत्तर : मुळीच घेऊ नये. आपण ते तोलून पाहिलेत हे फार चांगले केलेत. दोन डोलकाठ्यांचे जहाज १९३२ ते १९३४ या काळातील चलनी डॉलरवर, म्हणजे चीनच्या एक युआनच्या चांदीच्या नाण्यावर आहे. त्याचे प्रमाणित वजन २६.६९७१ ग्रॅम असून त्यात शेकडा ८८ भाग चांदी असे. झिजून अडीच ग्रॅम घटलेले नाणे ठसठशीत राहूच शकत नाही, तेव्हा आपल्यासमोर होती ती नक्कलच. ओतीव नकलेत जहाजाखालच्या लाटांच्या बारीक रेघा बुजलेल्या असतात, हे भिंगाखाली चटकन कळते.

खरे नमुने १९२९ सालचे. आधीचे राष्ट्राध्यक्ष युआन शिकाई यांच्या छापाच्या डॉलरच्या जागी सुन यत-सेन यांचे नाणे आणण्यासाठी ब्रिटन, अमेरिका, इटली, ऑस्ट्रिया आणि जपान येथील टाकसाळींकडून ते करून घेतले गेले आणि त्यांवरील जहाजाला तीन डोलकाठ्या आहेत. चेहऱ्याच्या वरचा मजकूर उजवीकडून डावीकडे वाचावा व त्यातील प्रजासत्ताकाच्या वर्षात (१९१२ हे पहिले वर्ष) १९११ मिळवावेत, म्हणजे इसवी सन कळतो. अठरावे वर्ष असेल, तर बेरजेच्या चिन्हासारख्या ‘दहा’नंतर एकमेकींपासून दूर झुकलेल्या दोन रेघांचा ‘आठ’ दिसतो.

१९३२ च्या नाण्यावर जहाजाच्या वर तीन पक्षी आणि बाजूला उगवता सूर्य होता. जपानी सैन्य मांचुरियात घुसलेले असताना लोकांना त्यात शत्रूची विमाने व जपानचा सूर्य दिसला आणि ते मागे घ्यावे लागले. ते दुर्मिळ आहे, पण नमुना नव्हे. विक्रेते हा फरक सर्रास पुसतात, याचे मला वाईट वाटते.

आपण आधी १९३४ चा अस्सल, साधा डॉलर घ्यावा आणि त्याचे वजन, काठ व अक्षरे नजरेत पक्की बसवावीत. नमुना घ्यायचाच असेल, तर नाणे-परीक्षक संस्थेच्या सीलबंद डबीतलाच घ्यावा, आणि डबीवरचा क्रमांक व छायाचित्र त्या संस्थेच्या नोंदीशी स्वतः ताडून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.